एक ओंजळ, दोन घराणी

इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. तोवर वर्षातून एकदा, योम किप्पूरच्या म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, तिथल्या मुख्य पुरोहिताला हाताचं एक अवघड कसब दाखवावं लागे. कुटून मऊ केलेला सुगंधी धूप तो दोन्ही हातांच्या ओंजळीत घेई आणि एका मोठ्या पळीत ओती. मग उजव्या हातात निखाऱ्यांचं पात्र, डाव्या हातात ती पळी, असा तो एकटा गाभाऱ्याच्या पडद्याआड जाई. आत गेल्यावर निखाऱ्यांचं पात्र खाली ठेवायचं आणि पळीतला धूप पुन्हा ओंजळीत घ्यायचा. मदतीला कुणी नाही, कारण तिथे दुसऱ्या कुणाला पाऊल टाकायची मुभाच नव्हती.

घरी ओगराळंभर रवा घेऊन करून पाहा. दोन्ही हातांची ओंजळ केली, तर ओगराळं उलटं करणार कोण? तालमूद या ज्यू धर्मग्रंथात याचं उत्तर दिलं आहे. पळीच्या दांड्याचं टोक बोटांच्या अग्रांनी धरायचं (काहींच्या मते दातांनी), अंगठ्यांनी दांडा हळूहळू आपल्याकडे ओढत कोपरांपर्यंत आणायचा आणि मग पळी ओंजळीत कलती करायची. मंदिरातल्या सर्वांत अवघड कामांत या कामाची गणना होई. आणि माप किती? मिश्ना हा ग्रंथ सांगतो की मोठ्या हाताच्या पुरोहिताचं मोठं, लहान हाताच्याचं लहान. ओंजळ हेच माप.

या क्रियेसाठी हिब्रूत जो धातू आहे तो ह-प-न. यातला ह आपल्या ह-पेक्षा खोल, घशातून येतो. हिब्रू, अरबी या सेमिटिक भाषांत धातू म्हणजे सहसा तीन व्यंजनांचा सांगाडा, आणि स्वर बदलून, पुढेमागे काही जोडून त्याचे शब्द होतात. हे आपल्याला अगदी परकं नाही. खबर, अखबार, मुखबीर हे शब्द शेजारी ठेवले की ख-ब-र हा अरबी सांगाडा आपोआप दिसतो. तसंच हफन म्हणजे त्यानं ओंजळीत घेतलं, होफेन म्हणजे मूठभर किंवा पसाभर, आणि होफ्नायिम म्हणजे दोन्ही पशांची मिळून ओंजळ. शेवटचा -आयिम हा द्विवचनाचा प्रत्यय. हात, पाय, डोळे अशा जोडीच्या अवयवांना हिब्रू तो लावते. संस्कृतातलं द्विवचन आपण मराठीत टाकून दिलं, पण पसा एका हाताचा आणि ओंजळ दोन हातांची हा भेद राखला. हिब्रूनं तोच भेद प्रत्ययातून राखला.

आता प्रश्न असा की आफ्रिकेतल्या बांटू भाषांत या हिब्रू शब्दांसारखे शब्द सापडतात, त्याचा अर्थ काय लावायचा? ‘सारखे’ शब्द सापडतात हे खरंच. स्वाहिलीत कोफी म्हणजे तळहात आणि तळहातानं मारलेली चापटही. टाळ्या वाजवणं म्हणजे कुपिगा माकोफी. हिब्रूत काफ म्हणजे तळहात. मंदिरातल्या त्या पळीचं नावही काफच होतं, आणि आजही इस्रायलमध्ये जेवणाच्या चमच्याला काफ आणि चहाच्या छोट्या चमच्याला कापित म्हणतात. काफ आणि कोफी! पुढे जाऊ. हिब्रूत तेफाह म्हणजे पंज्याच्या रुंदीचं माप, तर झांबियातल्या बेंबा भाषेत तापा म्हणजे पाणी भरून घेणं. त-फ आणि त-प, दोन्हीकडे हात. एवढं हाती लागलं की माणूस थांबत नाही. जोसेफ विल्यम्स या जेझुइट धर्मगुरूंनी १९३० मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या हिब्रू खुणांवर मोठा ग्रंथच लिहिला, तो आजच्या घानातल्या अशांती लोकांविषयी. अशांतींची भाषा तर बांटूही नाही. आपल्याकडे व्हॅटिकन म्हणजे वाटिका हे समीकरण मांडलं गेलं, त्याच जातीचा हा उत्साह.

टिंगल करायचा हेतू नाही. साम्य दिसलं की कुतूहल जागं व्हावंच. फक्त तपासणीची रीत आहे, ती पायरीपायरीनं पाहू.

पहिली पायरी म्हणजे आपण शब्द कुठल्या ढिगातून उचलतो आहोत ते मोजणं. ‘हातानं किंवा भांड्यानं भरून घेणं’ या अर्थाच्या आसपास हिब्रूत निदान आठ क्रियापदं आहेत. हफन आपण पाहिलं. कामात्स म्हणजे मुठीत घेणं, पण तीही साधी मूठ नाही. मधली तीन बोटं तळहातावर दुमडायची आणि अंगठ्यानं नि करंगळीनं वरचं पीठ सारखं करायचं. शाअव म्हणजे पाणी भरणं, दाला म्हणजे बादलीनं शेंदणं. हाता म्हणजे निखारे खरडून घेणं, आणि गाभाऱ्यातलं निखाऱ्यांचं पात्र ते माहता, याच धातूवरून. हासाफ म्हणजे डबक्यातून पाणी घेणं. गाराफ म्हणजे ओढून, लोटून नेणं किंवा उपसणं. आणि रादा म्हणजे पोळ्यातून मध काढणं. सिंहाच्या सांगाड्यातल्या पोळ्यातला मध बायबलमधला शमशोन दोन्ही तळहातांवर घेऊन खात खात जातो, तिथे हे क्रियापद आलं आहे.

आता पलीकडचा ढीग. बांटू ही एक भाषा नव्हे. कॅमेरूनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या सुमारे पाचशे भाषांचं ते घराणं आहे. -न्टू म्हणजे माणूस आणि बा- हा अनेकवचनाचा उपसर्ग. त्यावरून व्हिल्हेल्म ब्लीक यांनी एकोणिसाव्या शतकात हे नाव रूढ केलं. नुसतं ‘पाणी भरणं’ घ्या. स्वाहिलीत तेका आणि चोता, किकुयूत ताहा, बेंबात तापा, लुगांडात सेना, शोनात चेरा, झुलूत खा. झुलूच्या या खा-नं पाणीही भरतात आणि फुलंही खुडतात. पळीवाढप आणि मुठीचे शब्द आणखी वेगळे. स्वाहिलीत भांड्यातून अन्न काढून वाढणं म्हणजे पाकुआ, मिटलेल्या मुठीत मावेल तेवढं ते कोंझी, उघड्या तळहातावर राहील तेवढं ते उकुफी. उपावा म्हणजे करवंटीचा डाव, गोव्याच्या स्वयंपाकघरातल्या दवल्याचा सख्खा भाऊ शोभेल असा. (हे नातं नारळाचं आहे, शब्दाचं नाही.)

आता थोडा ढोबळ हिशेब करू. साम्य शोधणारा माणूस बहुधा स्वर सोडून देतो, आणि प-फ-ब-व किंवा त-द-ट हे फरकही सैल धरतो. म्हणजे व्यंजनांचे फार तर सहा गट उरतात. दोन व्यंजनांचा सांगाडा घेतला तर सहा गुणिले सहा, छत्तीस शक्यता. हिब्रूचे आठ शब्द आणि कुठल्याही एका बांटू भाषेतले असे सहा शब्द घेतले तर ४८ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडी जुळण्याची शक्यता छत्तीसात एक. सरासरी एका भाषेमागे एकाहून जास्त जुळणी नुसत्या योगायोगानं मिळायला हवी. वर पाचशे भाषांतून हवी ती निवडायची मोकळीक आहेच. अशा वेळी साम्य सापडलं नसतं, तरच मी चकित झालो असतो.

योगायोग किती बेमालूम असू शकतो त्याचा मला आवडणारा नमुना मराठीतच आहे. हिब्रूत ‘ही’ म्हणजे ती, स्त्रीलिंगी तृतीय पुरुष. मराठीत ही म्हणजे ही. आणि स्वाहिलीत ‘हिई’ म्हणजे हे, हा किंवा ही. घर म्हणजे न्युंबा, न्युंबा हिई म्हणजे हे घर. दोन खंडांतल्या तीन भाषा, उच्चार जवळजवळ एक, अर्थ शेजारचे. तरी या तीन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. इतकी चोख जुळणी काफ-कोफीचीही नाही.

मग नातं ओळखायचं कसं? उत्तर थोडं उलटं वाटेल. शब्द सारखे दिसतात का, हे विचारायचं नसतंच. शब्दांतला फरक नियमानं पडतो का, हे विचारायचं असतं.

हिब्रूच्या घरातून सुरुवात करू. हिब्रू गामाल म्हणजे उंट, अरबीत तो जमल. हिब्रूच्या ग-ला अरबीत ज, हा नियम. त्यामुळे हिब्रू गाराफचा भाऊ अरबी जरफ (वाहून नेणं, लोटणं) हा असायला हवा, आणि तोच आहे. पण अरबीत आणखी एक शब्द आहे, ग़रफ. त्याचा अर्थ हातानं किंवा पळीनं भरून घेणं, आणि त्यावरून मिग़रफा म्हणजे डाव. कानाला गाराफ आणि ग़रफ ही जुळी भावंडं वाटतात, अर्थही जुळतो. तरी सरळ नातं लागत नाही, कारण अरबी ग़-ला हिब्रूत ‘आयिन’ हे कंठ्य व्यंजन येतं. अरबी ग़ुराब म्हणजे कावळा, हिब्रूत तो ओरेव. अरबी मग़रिब म्हणजे पश्चिम, सूर्यास्ताच्या नमाजामुळे आपल्या ओळखीचा शब्द, हिब्रूत तो माआराव. एकाच अंगणातल्या भाषांतसुद्धा जास्त सारखा दिसणारा शब्द चुकीचा ठरतो आणि कमी सारखा बरोबर.

आपला ह-प-न या परीक्षेत उतरतो. अरबीत हफ्ना म्हणजे मूठभर. हिब्रू प-ला अरबीत फ येतो, खोल ह दोन्हीकडे टिकतो. मेसोपोटेमियाच्या अक्कादीत उपनू, म्हणजे मूठ, मूठभर. अक्कादीनं हे घशातले वर्ण फार आधी गमावले, म्हणून सुरुवातीचा ह गेला. उपनू आणि हफन हे कुणाला सारखे वाटणार नाहीत, पण प्रत्येक फरकाचा जाब देता येतो.

आता बांटूच्या घरात जाऊ. किकुयूचा ताहा आणि बेंबाचा तापा एकच आहेत का? केनियातल्याच दोन भाषांच्या जोड्या पाहा. स्वाहिली हापा म्हणजे इथे, किकुयूत हाहा. स्वाहिली पांडा म्हणजे रोप लावणं, किकुयूत हांडा. स्वाहिली पाका म्हणजे माखणं, किकुयूत हाका. स्वाहिली म्पाका म्हणजे हद्द, किकुयूत मुहाका. स्वाहिलीनं जुना प ठेवला, किकुयूनं त्याचा ह केला, आणि तो शब्दामागून शब्द केला. बेंबाच्या तापातलाही तोच जुना प. म्हणून तापा आणि ताहा हे एका आईचे, आणि त्या आईचं रूप अभ्यासक -ताप- असं मांडतात. कार्ल माइनहॉफ यांनी १८९९ मध्ये बांटू भाषांचे असे ध्वनिनियम पद्धतशीर लावायला घेतले. माल्कम गथ्री यांचे बांटूच्या तुलनेचे चार खंड १९६७ ते १९७१ मध्ये आले. आज बेल्जियमच्या तेर्व्यूरेन गावातल्या संग्रहालयात अशा हजारो पुनर्रचित रूपांचा संग्रह आहे.

एकदा -ताप- हाती आलं की तेफाहशी तुलना करताना त्याचाच आधार घ्यावा लागतो. आजची सुटी रूपं तिथे चालत नाहीत. शिवाय तेफाहमध्ये शेवटी तोच खोल ह आहे. ते तीन व्यंजनांचं घर आहे, त्यातली एक खोली बंद करून चालणार नाही. बांटू धातूत उलट स्वर पक्का असतो. -ताप-मधला आ हा धातूचाच भाग, तो आपल्या सोयीनं पुसता येत नाही. साम्य दाखवणारे नेमकं हेच करतात. हिब्रूतलं तिसरं व्यंजन टाकतात, बांटूतला स्वर टाकतात, आणि उरलेलं जुळतं म्हणून आनंदतात.

काफ आणि कोफीतल्या फ-चीही झडती घेऊ. काफमधला फ हा मुळात प आहे. हिब्रूत स्वरानंतर आलेला एकेरी प फ होतो, पण दुहेरी झाला की प परत येतो. ‘त्याचा तळहात’ म्हणायचं तर काप्पो. स्वाहिलीतही प-चा फ होण्याची एक वाट आहे. ओगोपा म्हणजे भिणं, आणि भिववणं म्हणजे ओगोफ्या. तिथे फ येतो तो पुढच्या य-मुळे. म्हणजे दोन भाषांनी आपापल्या वेगळ्या कारणांनी फ-कार घडवला. आजच्या दोन फ-ना पाहून हजारो वर्षांमागच्या नात्याचा निकाल देणं म्हणजे दोन माणसांचे चष्मे सारखे दिसले म्हणून त्यांना भाऊ ठरवण्यासारखं आहे. त्यातून चापटीच्या शब्दांना नक्कल करायची खोड असते. थापड, चापट, थाप, चपराक म्हणून बघा, ओठ मिटून उघडतात. अरबीत कफ्फ म्हणजे तळहात, आणि बोलीत थप्पडही. असे शब्द नात्याच्या खटल्यात साक्षीला उभे करू नयेत, असा भाषाशास्त्रात जुना संकेत आहे.

घराण्यांचा नकाशाही हेच सांगतो. हिब्रू, अरबी, अक्कादी या सेमिटिक. त्या प्राचीन इजिप्शियन, बर्बर, सोमाली, हौसा यांच्यासह आफ्रो-आशियाई कुळात मोडतात. बांटू हे नायजर-काँगो कुळाचं एक फांदीघर. त्याचं मूळ गाव नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेजवळ, आणि तिथून चार-पाच हजार वर्षांपूर्वी शेतकरी भाषा घेऊन पूर्वेला नि दक्षिणेला सरकत गेले. १९६३ मध्ये जोसेफ ग्रीनबर्ग यांनी आफ्रिकेच्या भाषांची जी मोठी मांडणी केली, तिच्यातल्या काही भागांवर कडाडून वाद झाले, पण ही दोन कुळं वेगळी हे आज बहुतेकांना मान्य आहे. त्यांच्या पाठीमागे कधीकाळी एकच पूर्वज असेलही. पण इतक्या मागचं नातं असेल तर त्याची खूण काफ-कोफीइतकी टवटवीत उरत नाही. मराठी पाच आणि इंग्रजी फाइव्ह यांचं नातं पक्कं, तरी त्यांना ओळखायला नियम लागतात. इतक्या लांबून आलेला शब्द कालच भेटल्यासारखा दिसला, तर संशय वाढायला हवा.

उसनवारीची गोष्ट वेगळी. सेमिटिक शब्द बांटू भाषांत खरोखर गेले, ढिगांनी गेले, पण ते अरबीतून आणि हिंदी महासागराच्या व्यापारातून. किताबू, हबारी, वकाती, सफारी हे शब्द मराठी कानाला अर्थ न सांगताच कळतात. त्याच गलबतांतून आपल्याकडचेही गेले. पैशाचा पेसा झाला, गाडीची गारी झाली. गंमत म्हणजे आपण मघाशी पाहिलेल्या अरबी ग़-र-फ या व्यंजनांचा एक शब्द खरंच स्वाहिलीत जाऊन बसला आहे. त्याच व्यंजनांच्या ग़ुर्फा या शब्दाचे अरबीत दोन अर्थ आहेत. एक ओंजळभर, दुसरा माडीवरची खोली. स्वाहिलीनं दुसरा उचलला. घोरोफा म्हणजे इमारतीचा मजला. दार-एस-सलाममध्ये ‘घोरोफा या पिली’ म्हणजे दुसरा मजला, आणि त्यात ओंजळीचा थेंबही नाही.

अशा फसगतीतून आपणही सुटलेलो नाही. ‘पसायदान’ म्हणजे पसाभर दान, असा अर्थ मीही लहानपणी ऐकला होता आणि तो गोडही वाटला होता. पण पसाय आला तो ‘प्रसाद’ या संस्कृत शब्दातून, प्राकृतातल्या पसाय या वाटेनं. हाताच्या पशाशी त्याचा संबंध नाही. अर्थ गोड वाटला की कान तपासणी करायचं विसरतात.

भाषा आणि वंश यांनाही एका दावणीला बांधू नये. दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वेत लेंबा नावाचा समाज आहे. आपले पूर्वज समुद्रापलीकडून आले, ते ज्यू होते, अशी त्यांची परंपरा. १९९० च्या दशकात त्यांच्यातल्या पुरुषांच्या वाय गुणसूत्रांची तपासणी झाली, तेव्हा बऱ्याच जणांत पश्चिम आशियाकडे बोट दाखवणाऱ्या खुणा सापडल्या. त्या खुणा ज्यू म्हणायच्या की एकूण अरबस्तानाकडच्या, यावर पुढे वाद झाला. पण भाषेविषयी वाद नाही. लेंबा बोलतात ती वेंडा किंवा शोना, अस्सल बांटू.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंचंही असंच. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून पूर्वज उतरले ही त्यांची परंपरा, तेल्याचा धंदा आणि शनिवारची सुटी म्हणून शनवार तेली हे नाव, प्रार्थना हिब्रूत आणि घरात मराठी. १८७४ साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या हगादेत (वल्हांडण सणाच्या पोथीत) हिब्रू आणि मराठी एकाच पानावर समोरासमोर आहेत. शेकडो वर्षांच्या शेजारानंतरही होफ्नायिम मराठीत आलं नाही आणि ओंजळ हिब्रूत गेली नाही.

आणि लेंबा बाई लिंपोपोच्या काठी घागर बुडवते तेव्हा वेंडात म्हणते, ‘का मादी’, पाणी भर. हा ‘का’ झुलूच्या खा-चा भाऊ आहे. ह-प-न चा नाही.